खाऱ्या वाऱ्यातील घरासाठी सर्व्हर निवडताना

घरी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली साठवणारा व सतत चालू असणारा संगणक, बसवायचा आहे, कोणता घेऊ, असे विचारले की उत्तर तत्काळ मिळते आणि ते बहुधा एखाद्या यंत्राचे नाव असते. त्या उत्तरात एक घर गृहीत धरलेले असते: शहरातले, सिमेंटच्या भिंतींचे, कोरड्या हवेचे आणि चोवीस तास वीज असलेले. आमचे घर देवगड तालुक्यात सड्याच्या कडेला कातळावर उभे आहे. खाली समुद्र, मागे कलमांची बाग, भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आणि वर कौले. अशा घरासाठी संगणक, नेटवर्क आणि साठवण यांविषयीचा सल्ला मी कोणाकडून व कसा घेतला, त्यातला कोणता स्वीकारला आणि का, ते येथे सविस्तर लिहिते आहे.

गरज आधी सांगायला हवी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच उभे राहिले. आजोबांच्या पेटीत मोडी लिपीतील कागद आहेत: खरेदीखते, सारा भरल्याच्या पावत्या, वाटण्यांची पत्रे आणि मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचा पत्रव्यवहार. दर पावसाळ्यात बुरशी आणि वाळवी त्यांतला थोडा भाग नेते, म्हणून मी ते एकेक करून स्कॅन करते आहे. ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, रंगीत स्कॅन केलेले ए-४ आकाराचे एक पान मूळ स्वरूपात, आकार न दाबता ठेवले, तर सुमारे १०४ मेगाबाइट जागा घेते. पाच हजार पाने झाली की अर्ध्या टेराबाइटच्या वर मजल जाते. त्याखेरीज कुटुंबाची छायाचित्रे, बागेचे हिशेब आणि मांगराजवळच्या, म्हणजे बागेतल्या शेडजवळच्या, कॅमेऱ्यांचे चित्रण आहे. कॅमेऱ्यांचे चित्रण गेले तरी चालेल, हिशेब पुन्हा जुळवता येतील, पण पेटीतील जो कागद वाळवीने खाल्ला आहे त्याचा स्कॅन हाच आता मूळ कागद आहे. हा फरक सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच वाक्यात सांगितला.

सल्ला मागण्यापूर्वी मी एक पानभर टिपण तयार केले. त्यात घराचा ढोबळ नकाशा होता. माजघर, ओटी, माळा, खळे आणि मांगर कोठे आहेत, कोणती भिंत किती जाड आहे आणि घर ते मांगर हे अंतर किती आहे (सुमारे सत्तर मीटर), हे सगळे त्यावर दाखवले. विजेचा दाब मल्टिमीटरने वेगवेगळ्या वेळी मोजून लिहिला. संध्याकाळी तो १७० व्होल्टपर्यंत उतरतो आणि उत्तररात्री २४५ च्या पुढे चढतो. वीज जाण्याचा रोजचा सरासरी वेळ आणि सर्वांत वाईट प्रसंग असे दोन्ही नोंदवले. वाईट प्रसंग म्हणजे मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ, ज्याच्या वाऱ्याने किनारपट्टीवरचे विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. इंटरनेटची जोडणी कोणत्या प्रकारची आहे, राउटरच्या पडद्यावर कोणता पत्ता दिसतो आणि मी स्वतः काय दुरुस्त करू शकते व काय नाही, हेही लिहिले. या शेवटच्या नोंदीचे महत्त्व मला पुढे फार जाणवले, कारण जे यंत्र माझ्या गैरहजेरीत घरातील दुसऱ्या माणसाला बंद-चालू करता येत नाही, ते कितीही चांगले असले तरी आमच्या उपयोगाचे नव्हते.

हे टिपण प्रथम पुण्यातील भाच्याला पाठवले. तो एका कंपनीत सर्व्हर सांभाळण्याचेच काम करतो. त्याने यंत्राचे नाव सांगितले नाही, उलट विचारले, "मावशी, एकाच वेळी किती जण हे वापरणार आणि चोवीस तासांतले किती तास यंत्राला खरोखर काम असणार?" उत्तर होते, दोन-तीन माणसे आणि दिवसाचा फार तर एखादा तास. म्हणजे उरलेला सारा वेळ यंत्र नुसते जागे असणार. त्यामुळे त्याचा कमाल वेग बाजूला ठेवून निष्क्रिय असताना ते किती वीज खाते, हे आधी पाहायचे ठरले. हिशेब साधा आहे. ५० वॅट सतत खाणारा जुना टॉवर संगणक वर्षाला ४३८ युनिट वीज घेतो, तर १० वॅटमध्ये भागवणारा लहान संगणक सुमारे ८८ युनिट. बिलापेक्षाही मला इन्व्हर्टरचा हिशेब महत्त्वाचा वाटला. १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास ऊर्जा असते आणि बॅटरीचे आयुष्य राखायचे तर तिच्यातली निम्मीच वापरावी. म्हणजे उरले ९०० वॅट-तास, आणि त्यात घरातले दिवे व पंखेही आलेच.

भाच्याने दोन पर्याय ठेवले. एक, कार्यालयांतून निवृत्त झालेले पुस्तकाएवढे लहान संगणक, ज्यांना बाजारात मिनी पीसी म्हणतात. दुसरा, इंटेल एन-१०० या कमी विजेच्या प्रोसेसरवरचा नवा संगणक. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत, त्यामुळे कार्यालयांनी काढून टाकलेली अशी पुष्कळ यंत्रे दुकानांत दिसतात. सर्व्हरवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली चालवायची असेल तर ही अडचण आपल्याला लागू होत नाही. मी आठव्या पिढीचा, आय-फाइव्ह ८५००टी प्रोसेसरचा मिनी पीसी घेतला. रास्पबेरी पायचाही विचार झाला होता, परंतु डिस्क, तिचा वीजपुरवठा आणि पेटी धरून येणारा खर्च व सुटे सुटे जोड पाहता तो मागे पडला. जुना लॅपटॉप वापरण्याची सूचना पुष्कळांनी केली आणि तिच्यात तथ्य आहे, कारण त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर यंत्र चालू ठेवणारा संच, असतो. मात्र सतत चार्जिंगवर राहिलेली जुनी बॅटरी उन्हाळ्यात फुगू शकते. चार्जिंग ६० ते ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय ज्या लॅपटॉपमध्ये आहे, त्याचाच या कामी विचार करावा, असे माझे मत झाले.

डिस्कच्या निवडीत भाच्याने बराच वेळ घातला आणि तो योग्यच होता. मिनी पीसीच्या पोटात सामान्यतः एक एनव्हीएमई पट्टी (पट्टीच्या आकाराची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क) आणि अडीच इंची, सात मिलिमीटर जाडीची एक डिस्क मावते. चार-पाच टेराबाइटच्या अडीच इंची हार्ड डिस्क पंधरा मिलिमीटर जाड असल्याने तेथे बसतच नाहीत, आणि त्यांची लिहिण्याची पद्धतही आमच्या कामाला गैरसोयीची आहे. एसएमआर प्रकारच्या डिस्कवर माहितीच्या रांगा कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. मधले एक कौल बदलायचे तर वरची कौले उचलावी लागतात, तसेच मधला मजकूर बदलायचा तर डिस्कला शेजारच्या रांगाही पुन्हा लिहाव्या लागतात. एकदाच लिहून ठेवायच्या प्रतीसाठी ते चालते, रोजच्या फेरफारांसाठी नाही. म्हणून आत दोन टेराबाइटची एसएसडी आणि बाहेर, स्वतंत्र वीजपुरवठ्याची, सीएमआर प्रकारची (जिच्यात रांगा एकीवर एक चढत नाहीत अशी) साडेतीन इंची हार्ड डिस्क, अशी रचना ठरली. दोन डिस्क जोडून त्यांचे रेड करावे का, म्हणजे एकच मजकूर दोन्हींवर एकाच वेळी लिहावा का, या प्रश्नावर भाचा ठाम होता. रेडमुळे एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहते, पण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते आणि वीज पडली तर दोन्ही एकदमच जातात. आमचे काम दोन दिवस थांबले तर कोणाचे नुकसान होत नाही, कागद गेले तर होते. तेव्हा दुसरी डिस्क आरशासारखी न वापरता वेगळ्या वेळी घेतलेल्या प्रतींसाठी वापरावी, हे मला पटले.

येथपर्यंतचा सल्ला कोणत्याही गावाला लागू पडला असता. आमच्या जागेचा खरा विचार सुरू झाला तो मालवणच्या एका काकांमुळे, जे टेलिफोन खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. टिपण वाचून त्यांनी घर ते मांगर या रेघेवर बोट ठेवले आणि ही जोडणी कशाने करणार, असे विचारले. मी कॅट-सिक्स, म्हणजे नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल म्हटले. शंभर मीटरची मर्यादा आहे आणि अंतर सत्तर मीटर आहे, म्हणजे नियमात बसते. त्यावर ते म्हणाले, "अंतर बसते, वीज बसत नाही. तांब्याची तार एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून नेऊ नका." त्यांनी दिलेले कारण मी येथे पूर्ण लिहिते, कारण बागायतदारांच्या घरी मांगरापर्यंत कॅमेऱ्याची तांब्याची तार ओढण्याची पद्धत सर्रास दिसते.

वीज केबलवरच पडावी लागते, असे नाही. जवळपास कोठेही पडली की तो प्रवाह जमिनीत पसरतो आणि त्या क्षणापुरता घराखालच्या जमिनीचा व मांगराखालच्या जमिनीचा विद्युतदाब वेगवेगळा होतो. मातीत हा फरक तुलनेने लवकर विरतो. कातळ विजेला मोठा अडथळा करतो, म्हणून तेथे फरक अधिक राहतो. दोन ठिकाणांना तांब्याच्या तारेने जोडले असेल तर हा फरक त्या तारेतून वाट काढतो आणि दोन्ही टोकांची उपकरणे जाळतो. मे महिन्यातील वळवाच्या सरी आणि ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस या दोन काळांत आमच्याकडे विजांचा कडकडाट अधिक असतो आणि राउटर, दूरदर्शन संच व कॅमेऱ्याचे पोर्ट याच दिवसांत जातात. काचेच्या तंतूतून विद्युतप्रवाह जात नाही, म्हणून दोन इमारतींमध्ये फायबर टाकावा आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (विजेच्या संकेताचा प्रकाश आणि प्रकाशाचा पुन्हा विजेचा संकेत करणाऱ्या पेट्या) लावावेत, असे त्यांचे म्हणणे होते. गावोगाव इंटरनेटचा फायबर पोहोचल्यामुळे हे काम आता अवघड राहिलेले नाही. खांबावरून घरात येणारी तीच ड्रॉप केबल, तेच कारागीर आणि तंतू जोडण्याचे तेच यंत्र मिळते. दोन गोष्टी मात्र त्यांनी बजावल्या. अशा केबलमध्ये ताण सोसण्यासाठी पुष्कळदा पोलादी तार असते आणि ती घरात आणली तर फायबर घालण्याचा हेतूच फसतो. म्हणून धातू नसलेली केबल मागावी किंवा पोलादी तार भिंतीबाहेरच तोडून वेगळी करावी. दुसरे, निळ्या टोकाचा कनेक्टर हिरव्या टोकाच्या कनेक्टरला जोडू नये, कारण दोहोंचे घासणीचे कोन वेगळे असतात.

अर्थिंगचा प्रश्नही त्यांनीच काढला आणि तो पाहण्यासाठी गावातील वायरमनला बोलावले. वायरमनने न्यूट्रल आणि अर्थ यांमधील दाब मोजला आणि मान हलवली. "ताई, तुमी आधी अर्थिंग बघा, मगे मशीन घेवा," एवढेच तो म्हणाला. घराची अर्थिंगची नळी कातळाच्या भेगेत उभी केलेली होती. पावसाळ्यात ती बरी चालत असावी, पण मार्चनंतर भेग कोरडी पडली की तिचा उपयोग उरत नव्हता. नवा खड्डा घराजवळ न घेता माडांच्या खालच्या बाजूला, जेथे माती खोल आहे आणि शिंपणाचे पाणी मुरते, तेथे घेतला आणि तेथून जाड पट्टी घरापर्यंत आणली. अर्थ टेस्टरवर रोध पाच ओहमच्या आत आला. संगणकासाठी निराळे अर्थिंग करावे का, असे मी विचारले होते. काकांनी ते स्पष्टपणे नाकारले, कारण एकाच घरातील दोन अर्थिंगांमध्ये पुन्हा तोच दाबाचा फरक निर्माण होतो. सगळे अर्थ एकत्र बांधलेले असावेत. त्यानंतर मुख्य फळ्यावर सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसवले. अर्थिंग नसताना ते बसवणे व्यर्थ असते, कारण आलेला झटका त्याला जमिनीतच सोडायचा असतो. या एकूण कामाला मिनी पीसीपेक्षा अधिक खर्च आला आणि माझ्या मते सर्वांत सार्थकी लागलेला खर्च तोच आहे.

वीजपुरवठ्याविषयी तिघांची मते जुळली नाहीत. घरच्या इन्व्हर्टरला यूपीएस मोड असतो, त्यात वीज गेल्यावर बॅटरीकडे वळायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात आणि संगणक बंद पडत नाही, म्हणून तेवढे पुरे, असे वायरमनचे मत होते. परंतु त्या मोडमध्ये दाब १८० च्या खाली गेला की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो आणि आमच्याकडे संध्याकाळभर हेच घडणार. भाच्याने मिनी पीसीच्या अडॅप्टरवरचा मजकूर वाचायला सांगितला: १०० ते २४० व्होल्ट. म्हणजे उतरलेला दाब संगणकाला त्रास देत नाही. त्रास होतो तो अचानक वीज जाण्याचा आणि चढलेल्या दाबाचा. शेवटी इन्व्हर्टर रुंद दाबमर्यादेच्या मोडवर ठेवला आणि संगणकासाठी यूएसबी जोडणी असलेला, दाब सावरणारा एक लहान यूपीएस मध्ये घेतला. नट नावाची मुक्त प्रणाली त्या यूपीएसशी बोलते आणि बॅटरी उतरत आली की संगणक रीतसर बंद करते. राउटर आणि फायबरचे उपकरण यांना १२ व्होल्टचा स्वतंत्र डीसी यूपीएस दिला, जो लहानशा बॅटरीवर काही तास पुरतो.

ओलाव्याविषयीचा सर्वांत उपयुक्त सल्ला कणकवलीच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात मिळाला. तेथील दुकानदार किनाऱ्यावरच्या गावांतून आलेले मदरबोर्ड वर्षानुवर्षे पाहत आले आहेत आणि तांब्यावर चढलेला हिरवा थर पाहून यंत्र कोठे ठेवलेले होते, हे सांगू शकतात. त्यांचे पहिले सांगणे असे की, यंत्र पावसाळ्यात बंद ठेवू नका. चालू यंत्र आसपासच्या हवेपेक्षा थोडे उबदार असते, त्यामुळे त्याच्या आतली सापेक्ष आर्द्रता कमी राहते आणि दव धरत नाही. डिस्कच्या माहितीपत्रकात आर्द्रतेची मर्यादा देताना दव न धरण्याची अटही घातलेली असते. दुसरे, ओटीवर ठेवू नका, कारण तेथे खारा वारा थेट येतो. माळ्यावरही नको, कारण मे महिन्यात कौलांखाली उष्णता कोंडते. माजघरात, भिंतीपासून वीतभर सोडून, जमिनीपासून उंच ठेवा. तिसरे, हवेच्या भोकांवर बारीक जाळी लावा, पण ती दर महिन्याला पुसा. मुंग्या आणि पाली उबेला येऊन बसतात आणि इन्व्हर्टरचे बोर्ड त्यांच्यामुळेच जळतात. ज्या डिस्क बंद करून ठेवायच्या आहेत त्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्यात आणि निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरावेत. मिनी पीसी घेण्याला मात्र त्यांचा विरोध होता. त्याचे अडॅप्टर आणि पंखे येथे मिळत नाहीत, घाटात दरड आली की कुरियर अडकते, मग आठवडाभर काय करणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. निवड मी बदलली नाही, पण एक जादा अडॅप्टर आणि एक पंखा आधीच मागवून ठेवला.

बाहेरगावाहून घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न टिपणातील एका ओळीने सुटला. राउटरवर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला होता. सेवापुरवठादारांना अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवता यावेत, म्हणून हा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवला गेला; त्यामागे असलेल्या घरात बाहेरून थेट शिरता येत नाही आणि राउटरवर पोर्ट उघडण्याच्या सगळ्या सूचना तेथे निरुपयोगी ठरतात. भाच्याने वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर आधारलेली टेलस्केल सेवा सुचवली, जिच्यात दोन्ही टोके स्वतःहून बाहेर जोडणी करतात. पोर्ट उघडे न राहणे हे सुरक्षेच्या दृष्टीनेही मला बरे वाटते. घरातल्या घरात वाय-फायची अडचण होती, कारण जांभ्याच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झच्या लहरी पार होऊ देत नाहीत. माजघरातून ओटीपर्यंत केबल नेऊन तेथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारे उपकरण, लावला. घराच्या आत तांब्याची तार चालते.

प्रतींची व्यवस्था तीन-दोन-एक या नियमाने केली: तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत पुण्यात भाच्याकडे आहे आणि ती रेस्टिक या प्रती घेणाऱ्या प्रणालीने कूटबद्ध होऊन रात्री जाते. पहिली मोठी प्रत मात्र डिस्कवर भरून एसटीने नेली, कारण आमच्या अपलोडच्या वेगाने ती चढायला फार काळ लागला असता. प्रत्येक फोल्डरसोबत चेकसमची, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखआकड्यांची, यादी ठेवते, म्हणजे वर्षांनंतरही एखादे पान आतल्या आत बिघडले असेल तर कळेल. आणि प्रत घेतली जाते यावर न थांबता, दर काही आठवड्यांनी पुण्याच्या डिस्कवरून कोणतीही दहा पाने परत मागवून मूळ स्कॅनशी ताडून पाहते. हा आग्रह भाच्याचा होता आणि सुरुवातीला तो मला अधिकचा वाटला होता. आता ते काम मी पेटीतील कागद उन्हात घालण्याइतकेच आवश्यक मानते.

यंत्रणा एक पूर्ण पावसाळा आणि त्यामागून आलेला परतीचा पाऊस काढून चालू आहे. एक प्रश्न उरला आहे. यूपीएसमधली शिशाची बॅटरी किनाऱ्यावरच्या उष्णतेत दोन-तीन वर्षांच्या पुढे जात नाही, असे काका आणि दुकानदार दोघेही सांगतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी अधिक टिकते, पण तिला निराळा चार्जर लागतो आणि माझ्या यूपीएसचा चार्जर तिच्यासाठी बनलेला नाही. यूपीएसच बदलावा की मिनी पीसीच्या अडॅप्टरऐवजी थेट डीसी पुरवठा द्यावा, याविषयी मी काकांना नवे टिपण पाठवले आहे आणि त्यात मेमधील माजघराचे दुपारचे तापमान मोजून लिहिले आहे.